मदत हवी आहे: डायना २७ चं चामडी वायसर कसं बनवावं?

घरातली जुनी छऱ्याची बंदूक दुरुस्त करतोय. डायना मॉडेल २७, पॉइंट १७७ (नळीचं माप, इंचात), नळी मोडून भरायची. ट्रिगरमध्ये स्टीलच्या तीन गोळ्या असणारी जर्मन बनावट, मागच्या बाजूला १९६८ चा ठसा. छर्रा दहा पावलांवरच्या पुठ्ठ्यातून आरपार जात नाही.

क्लॅम्प लावून स्प्रिंगचा ताण उतरवला आणि बंदूक खोलली. स्प्रिंग काचेवर लोळवून पाहिली, सरळ आहे. नळी जिथे मोडते त्या सांध्यावरचं, छर्रा भरायच्या तोंडाचं चामडं बदललं. तिथे टिश्यूची पट्टी ठेवून चालवली तर पट्टी जराही हलत नाही, म्हणजे हवा तिथून निसटत नाहीये. हवा दाबणाऱ्या पिस्टनच्या तोंडावरचं चामडी वायसर मात्र पापडासारखं वाळलं होतं, बोट लावताच कड तुटली.

त्याजागी सायकल पंपाचं वायसर एरंडेल तेलात भिजवून बसवलं. दोन-तीन बार जोरात गेले, धूर आणि जळका वासही आला (म्हणजे तेल पेटत होतं), नंतर पुन्हा ढिली. आता तेल पुसून काढलंय.

प्लास्टिकचं सील नको, कारण त्यासाठी पिस्टनचं तोंड बदलावं लागेल आणि मला मूळ रचना जपायची आहे. लेथ जवळ नाही, लाकडी साचा करू शकतो.

वाटीच्या आकाराच्या या वायसरसाठी चामडं किती मिलिमीटर जाडीचं घ्यावं? आणि स्प्रिंग न घालता पिस्टन सिलिंडरमध्ये सोडला तर तो स्वतःच्या वजनाने सरकायला हवा, की अंगठ्याने ढकलावा लागेल इतका घट्ट हवा?