मदत हवी आहे: पोर्ट्रेटमधली स्किन रीटच करायचीये, पण चेहरा प्लास्टिकचा दिसायला नको

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. सदाशिव पेठेतल्या जुन्या घरी तिचे आणि घरातल्या सगळ्यांचे पोर्ट्रेट काढलेत, त्यातला आजीचा एक फोटो १२ बाय १८ इंचाचा प्रिंट करून कार्यक्रमात लावायचाय, बाकीचे अल्बममध्ये जातील. कॅमेरा २४ मेगापिक्सेल, ५० एमएम लेन्स, सगळं रॉ मध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) आहे. लाइटरूम आणि फोटोशॉप दोन्ही आहेत, रंग-उजेड एवढं बेसिक येतं, स्किनचं काम मात्र मनासारखं होत नाहीये.

आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, जुनं, हिरवट निळं. एका ॲपमध्ये ऑटो स्किन स्मूथ लावून बघितलं तर त्याने सुरकुत्यांबरोबर गोंदणच पुसून टाकलं! हनुवटीवरचे तीन ठिपके गायब. आजीचा चेहरा त्या ठिपक्यांशिवाय मी कधी पाहिलेलाच नाही, म्हणजे ते गेले तर तो फोटो तिचा उरतच नाही असं मला वाटतं. त्यामुळे ऑटोवाले सगळे प्रकार बाद.

दुसरं म्हणजे त्या खोलीच्या भिंती हिरव्या ऑइलपेंटच्या आहेत. खिडकीचा उजेड एका बाजूने छान आलाय पण भिंतीकडचा गाल हिरवट दिसतोय, व्हाइट बॅलन्स बदलला की खिडकीकडचा गाल गुलाबी होतो.

तिसरं, मामेबहिणीच्या गालावर पिंपल्स आणि त्यांचे जुने डाग आहेत. ब्लर केलं की डाग जातात पण गाल मेणाचा होतो. आणि मामी म्हणतायत की सगळ्यांना जरा उजळ कर, आजीच्या सुरकुत्या पण काढ. उजळ करणं मला पटत नाहीये, आमच्या घरात सगळे सावळे आहेत आणि ते तसेच छान दिसतात. पण पिंपल्स वगैरे काढायला मामेबहिणीची स्वतःची हरकत नाही, तीच म्हणाली काढ म्हणून.

तर स्किन स्वच्छ दिसेल, पोअर्स राहतील, रंग ज्याचा त्याचा राहील असं नेमकं कुठल्या क्रमाने करायचं? ट्यूटोरियल्स खूप बघितले, प्रत्येक जण फ्रीक्वेन्सी सेपरेशनने (टेक्स्चर आणि रंग वेगवेगळ्या लेयरवर काढायची पद्धत) सुरुवात करतो. तेच करायचं असतं का?

प्रतिसाद १

नाही, त्याने सुरुवात करू नका. ताई, क्रम आधी नक्की करा: रंग, मग हीलिंग (डागावर शेजारची स्किन चढवणं), मग डॉज अँड बर्न (जागोजागी थोडं उजळ-गडद करणं), आणि स्मूथिंग शेवटी, तेही गरज पडली तरच. खूपदा पडत नाही.

रंगापासून सांगतो. व्हाइट बॅलन्स खिडकीकडच्या गालाला बघून सेट करा आणि मग त्याला हात लावू नका. हिरव्या गालासाठी लाइटरूममध्ये वेगळा मास्क (तेवढ्याच भागावर बदल करायचं सिलेक्शन) घ्या, कडा एकदम मऊ, आणि टिंट (हिरवा ते मॅजेंटा स्लायडर) हळूहळू मॅजेंटाकडे न्या. किती न्यायचं हे डोळ्यांनी ठरवणं अवघड जातं कारण आपण गालाकडे बघत बसतो. आजींचे केस पांढरे असतील ना? त्या बाजूचे केस पण हिरवट झालेले असणार. मास्क केसांवरही घ्या आणि ते परत पांढरे दिसेपर्यंत टिंट सरकवा, गाल बऱ्यापैकी आपोआप जागेवर येतो. कलर मिक्सरमध्ये जाऊन हिरवा रंग कमी करायचा मोह होईल, तो टाळा. स्किनवरचा हिरवटपणा त्या स्लायडरला फारसा सापडतच नाही, तो पिवळ्या-नारिंगीत मिसळलेला असतो, उलट गोंदण, हिरव्या बांगड्या, हिरवं लुगडं असेल तर तेच फिकं पडेल.

मग फोटोशॉपमध्ये नवीन रिकामा लेयर, हीलिंग ब्रश, सॅम्पल करंट अँड बिलो. ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा. सॅम्पल शेजारचाच घ्या, कपाळाची स्किन गालावर चालत नाही, पोअर्सचा आकार वेगळा असतो. काय काढायचं याचा साधा नियम म्हणजे जे दोन-तीन आठवड्यांत आपलं आपण जाणार आहे ते काढा (पिंपल, खरचटलेलं, डास चावलेलं), जे कायमचं आहे ते माणसाचं आहे. तीळ, व्रण, गोंदण राहू द्या. ज्याचा फोटो तोच काढ म्हणाला तर गोष्ट वेगळी.

पिंपल्सचे जुने डाग मात्र हीलिंगने काढत बसू नका. तिथे टेक्स्चर ठीक असतं, फक्त उजेड कमी-जास्त असतो, आणि ते डॉज अँड बर्नचं काम आहे. दोन कर्व्ह्ज लेयर, एक थोडा वर, एक थोडा खाली, दोन्हीचे मास्क काळे, म्हणजे परिणाम आधी लपलेला राहतो. मऊ पांढरा ब्रश, फ्लो १ ते ३ टक्के, आणि डागाच्या काळ्या भागावर हळूहळू उजेड चढवायचा. वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेयर ठेवा, रंग निघून गेला की कुठे खड्डा कुठे उंचवटा ते लगेच दिसतं. रंग बदलायला लागला तर कर्व्ह्जचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी करा, म्हणजे फक्त उजेड बदलतो. याला वेळ लागतो, एका चेहऱ्याला तासभर सहज, पण यात एकही पोअर पुसला जात नाही आणि म्हणूनच ते खरं दिसतं. पोर्ट्रेट शिकायचं असेल तर मी म्हणेन हे एकच नीट शिका.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण फ्रीक्वेन्सी सेपरेशनला एवढं वाळीत टाकू नका. कुठे वापरायचं ते कळलं की कामाचं आहे. त्यात बारीक टेक्स्चर एका लेयरवर जातं आणि रंग-सावली दुसऱ्यावर. खालच्या कॉपीला गॉशियन ब्लर, पोअर्स दिसेनासे होतील तिथे थांबायचं, वरच्या कॉपीवर ॲप्लाय इमेज, ८ बिट असेल तर सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८. १६ बिट असेल तर ॲड, इन्व्हर्ट टिक करून, स्केल २, ऑफसेट ०. मग ब्लेंड मोड लिनिअर लाइट. बरोबर झालं असेल तर फोटो मूळचाच दिसतो, काही फरक दिसला तर आकडा चुकलाय.

मेणाचा गाल कधी होतो तर लोक पूर्ण खालचा लेयर एकदम ब्लर करतात. मग नाकाची सावली गालात उतरते, गालाचा उजेड जबड्यात, चेहऱ्याचा आकारच सपाट होतो. पोअर्स तसेच असतात तरी चेहरा खोटा वाटतो. मी फक्त लालसर पट्टा किंवा चट्टा असेल तेवढाच लॅसोने घेतो, फेदर (कडांचा मऊपणा) भरपूर, आणि तेवढ्यालाच ब्लर. सावलीची कड सिलेक्शनमध्ये येऊ द्यायची नाही.

प्रतिसाद ३

मी फोटोतली तज्ज्ञ नाही, पण आजींच्या सुरकुत्यांचं मामी का ठरवतायत? आजींनाच विचार ना बाळा. माझ्या सासूबाईंच्या फोटोवेळी आम्ही सगळे आपापसात वाद घालत होतो आणि त्यांना कुणी विचारलंच नाही.

प्रतिसाद ४

ज्यांच्याकडे फोटोशॉप नाही त्यांच्यासाठी, गिंप फुकट आहे आणि त्यात फिल्टर्स, एन्हान्समध्ये वेव्हलेट डीकंपोज आहे. दोन ऐवजी पाच थर मिळतात अधिक एक उरलेला. बारीक पोअर्स पहिल्या थरांत, चट्टे चौथ्या-पाचव्यात. चट्टा असलेल्या थरावरच हील टूल चालवा, बाकीच्या थरांना कळतही नाही. डार्कटेबल नावाच्या रॉ एडिटरमध्ये रीटच मॉड्यूलमध्ये हेच थेट रॉ वर करता येतं, ते पण फुकट.

लाइटरूममध्येच पटकन उरकायचे अल्बमचे फोटो असतील तर पीपल मास्क घ्या (२०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे), त्यात फेशियल स्किन, आणि टेक्स्चर उणे १० ते उणे २०, बस. क्लॅरिटी उणे करू नका, ती मोठ्या भागाचा कॉन्ट्रास्ट खाते आणि चेहरा धुरकट होतो. टेक्स्चर २०१९ मध्ये आला, तो मुळात स्किन मऊ करायलाच बनवायला घेतला होता, त्यामुळे या कामात तो बरा वागतो. मास्कमध्ये कुंकू, नथ, गोंदण आलंय का बघा, आलं असेल तर सबट्रॅक्ट ब्रशने बाहेर काढा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! केसांवरून टिंट ठरवायची आयडिया जबरदस्त आहे, हिरवा गाल गेला आणि गोंदण आहे तसं राहिलं. मामेबहिणीचे डाग कर्व्ह्जने केले, वेळ लागला पण १०० टक्के झूमला पोअर्स दिसतायत आणि लांबून बघितलं तरी तिचाच गाल वाटतोय.

काकू, तुमचं ऐकून आजीला लॅपटॉपवर फोटो दाखवला. सुरकुत्यांबद्दल ती काहीच बोलली नाही. म्हणाली डोळ्याखालचं काळं कमी कर, त्या आठवड्यात खोकल्याने झोप नव्हती, आणि गालावर औषधाची रिॲक्शन येऊन लाल झालंय ते काढ. हनुवटीवरचे ठिपके मात्र अजून ठळक दिसले पाहिजेत म्हणाली, ते तिच्या आईने गोंदवून आणलेले. मामींना पण हे तिनेच सांगितलं, त्यामुळे उजळ करायचा विषय मिटला.

आता दोन शेवटचे प्रश्न. डोळ्याखालचं काळं किती कमी करू? आणि प्रिंटला देताना काय बघायचं?

प्रतिसाद १

डोळ्याखाली वेगळ्या लेयरवर पूर्ण करा आणि मग त्या लेयरची ओपॅसिटी (लेयर किती दिसतो ते) ४० टक्क्यांच्या आसपास आणा. पूर्ण गेलं तर डोळे चेहऱ्यापासून सुटे दिसतात, त्या वयात तिथे थोडी सावली असतेच. ठिपक्यांवर बर्न लेयर हलक्या हाताने, फक्त ठिपक्याच्या आत.

प्रिंटचं म्हणाल तर १२ बाय १८ ला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, तुमच्या फाइलमध्ये ४००० बाय ६००० आहेत, म्हणजे फारसं क्रॉप करू नका. आणि याचा अर्थ असाही की १०० टक्के झूमला जे दिसतं ते जवळपास सगळं कागदावर येणार, मोबाइलवर बघून ओके म्हणू नका. स्क्रीनचा ब्राइटनेस बराच खाली आणून एकदा बघा, फुल ब्राइटनेसवर एडिट केलेले सावळे चेहरे प्रिंटमध्ये हमखास काळपट येतात. लॅबला विचारून एसआरजीबी (नेहमीचं कलर प्रोफाइल) जेपेग द्या आणि त्यांच्याकडचं ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर तिकडे कुणीतरी चेहरे उजळ करून देईल. मोठा काढायच्या आधी चेहऱ्याच्या भागाचा एक छोटा टेस्ट प्रिंट मॅट पेपरवर काढून घ्या आणि दिवसाच्या उजेडात बघा.