‘स्कॅनरवर कोड नाही’ हे उत्तर पुरेसे नाही : ब्रेक आणि एईबीविषयी सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-५०२
नमस्कार मंडळी. आमच्या गाडीच्या ब्रेकबाबत जे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या पार्किंगमध्ये स्वयंचलित आपत्कालीन ब्रेकिंग, म्हणजे एईबी असलेल्या बऱ्याच छोट्या एसयूव्ही उभ्या असतात. प्रकरण अजून सर्व्हिस सेंटरकडे असल्यामुळे गाडीचे आणि कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

शनिवारी संध्याकाळी कात्रज–देहूरोड बाह्यवळणावर वारज्याच्या पुढे आम्ही मधल्या लेनमधून साधारण ७० च्या वेगाने जात होतो. डाव्या लेनमध्ये दूरवर एक ट्रक होता, आमच्या लेनमध्ये काहीही नव्हते. पुलाच्या सांध्यावरील लोखंडी पट्टी जवळ येताच डॅशबोर्डवर लाल इशारा झळकला, बीप वाजला आणि माझा पाय ब्रेकवर नसतानाही गाडीने इतका जोरात ब्रेक लावला की मागे बसलेल्या सासूबाईंच्या खांद्यावर सीटबेल्टचा वळ उठला. मागच्या टेम्पोवाल्या दादांनी प्रसंगावधान राखून गाडी उजवीकडे काढली म्हणून निभावले.

दुसरी तक्रार वेगळी आहे आणि ती काही दिवसांपासून जाणवत होती. सकाळी गाडी सुरू केल्यावर ब्रेकचे पेडल पहिल्या एक-दोन वेळा फार कडक लागते, मग नीट होते.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरला लावली गेली. ‘एकही कोड नाही, गाडी ओके आहे’ असे सांगून सल्लागारांनी जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले. त्यावर मी सही केली नाही. असा अनुभव आणखी कोणाला आला असेल तर कृपया लिहावे.

सी-३०१
आजींना फार लागले नाही ना? आमच्या गाडीने ब्रेक लावला नव्हता, पण खंबाटकी घाटात वळणाच्या बाहेरच्या कडेला बंद पडलेला ट्रक समोर आल्यासारखा समजून तिने जोरात इशारा दिला होता. वळण घेतल्यावर इशारा थांबला.

ए-१०१
वहिनी, माझे स्पष्ट मत आहे की आपल्या रस्त्यांवर ही यंत्रणा बंदच ठेवावी. पुढच्या गाडीत आणि आपल्यात थोडी जागा दिसली की रिक्षा किंवा स्कूटर आत शिरते, आणि आपण सवयीने वेग कमी करत असतानाच गाडी घाबरून ब्रेक लावते. मागून डंपर येत असेल तर ती सुरक्षितता आपल्याच जिवावर बेतेल. आमच्या गाडीत मी ती प्रत्येक वेळी बंद करतो.

डी-२०४
बी-५०२ ताई, तुमच्या दोन्ही तक्रारी एकत्र मिसळू देऊ नका. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे सेन्सरवर बोलण्याचा अधिकार माझा नाही, पण सकाळच्या कडक पेडलबद्दल खात्रीने सांगतो की त्याचा एईबीशी संबंध असण्याची शक्यता कमी आहे. ते बूस्टरचे लक्षण आहे. आपण पायाने देतो तो जोर अपुरा असतो. इंजिनकडून किंवा व्हॅक्यूम पंपाकडून मिळणाऱ्या निर्वाताच्या, म्हणजे व्हॅक्यूमच्या, मदतीने बूस्टर तो वाढवतो. बूस्टरला जोडलेल्या निर्वाताच्या नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप असते. ती गळू लागली की रात्रभरात साठवलेला निर्वात निघून जातो आणि सकाळी पहिला दाब सगळा आपल्या पायावर येतो.

घरच्या घरी दोन परीक्षा करता येतात. गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक लावा. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा, थोडे थांबा आणि मग पेडल दाबा. पहिले दोन दाब मऊ लागून पुढचे कडक होत गेले तर झडप चांगली आहे; पहिलाच दाब कडक लागला तर नळी किंवा झडप गळते आहे. दुसरी परीक्षा अशी, की इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण कडक होईपर्यंत दाबत राहायचे, पाय तसाच ठेवायचा आणि इंजिन सुरू करायचे. पेडल पायाखाली थोडे खाली गेले पाहिजे. गेले नाही तर बूस्टर तपासून घ्यावा.

आणखी एक. पेडल कडक लागणे वेगळे आणि स्पंजासारखे खोल जाणे वेगळे. खोल जात असेल तर ब्रेक ऑइलमध्ये हवा किंवा पाणी असू शकते. हे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे कोरडे तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, पण ओलावा शिरलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ताम्हिणी किंवा वरंधा उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की तेवढी उष्णता सहज निर्माण होते, तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी तेल बदलायला सांगतात. पावसाळ्यानंतर ते स्वतः सांगून करून घ्यावे. सर्व्हिसमध्ये आपोआप होईलच असे धरू नये.

सी-७०३
काकांनी पहिला भाग अगदी नेमका सांगितला. दुसरा भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

काचेच्या वरच्या भागातील कॅमेरा, किंवा कॅमेरा आणि पुढच्या ग्रिल वा बंपरमागचा रडार, समोरच्या वस्तूचे अंतर आणि ती जवळ येण्याचा वेग मोजतात. धडक अटळ आहे असा हिशेब निघाला की आधी इशारा, मग हलका ब्रेक आणि शेवटी पूर्ण ब्रेक असा क्रम असतो. हा ब्रेक लावण्याचे काम बऱ्याच गाड्यांत एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांचाच पंप करतो. कोणाच्या पायाची गरज नसते.

आता ‘कोड नाही’ या उत्तराबद्दल. एखादी तार तुटली, सेन्सर बंद पडला किंवा व्होल्टेज कमी झाले की संगणक दोषाचा कोड नोंदवतो. पण पुलावरील लोखंडी पट्टी, कमानीची सावली किंवा वळणावरचा कठडा त्याला अडथळा वाटला आणि त्याने ब्रेक लावला, तर त्याच्या लेखी त्याने आपले काम चोख केले आहे. तिथे दोष नोंदवण्याचे कारणच उरत नाही. त्यामुळे कोड नसणे म्हणजे काही घडले नाही असे मुळीच नाही, आणि हे उत्तर ऐकून ज्यांना परत पाठवले जाते त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. ताई, तुम्ही सही केली नाही ते फार योग्य केले. तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या : तारीख, ठिकाण, वेग, ऊन होते की पाऊस, समोर काय होते, कोणता इशारा दिसला. डॅशकॅम असेल तर त्या वेळेची चित्रफीत पुसली जाण्याआधी वेगळी ठेवा.

आपल्याकडे सेन्सरची दिशाभूल करणाऱ्या काही गोष्टी आपणच लावतो. फास्टॅग आरशामागे चिकटवण्याची पद्धत आहे आणि कॅमेराही तिथेच असतो. तो कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्रात येत असेल तर जागा बदलून घ्यावी. दसऱ्याला ग्रिलवर बांधलेला झेंडूचा हार पूजा झाल्यावर, गाडी बाहेर काढण्याआधी उतरवावा. पुढे बसवलेला लोखंडी गार्ड रडारच्या आड येतो, शिवाय तो कायद्यानेही चालत नाही. बंपर ठोकला जाऊन त्यावर पुट्टी आणि रंगाचे जाड थर चढले असतील तरी फरक पडतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पुढची काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा अचूक जुळवून घेणे, झालेच पाहिजे. काही अंशांनी वाकडा बसलेला कॅमेरा शेजारच्या लेनमधली वस्तू आपल्या लेनमध्ये आहे असे समजू शकतो.

ए-१०१ दादा, तुमची भीती खरी आहे, पण कायमचे बंद करण्याशी मी सहमत नाही. अमेरिकेतील आयआयएचएस या संस्थेच्या अभ्यासात इशारा आणि एईबी दोन्ही असलेल्या गाड्यांचे पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचे अपघात निम्म्याने कमी झालेले आढळले. पादचाऱ्यांच्या बाबतीत फायदा कमी, सुमारे २७ टक्के, आणि दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर तो दिसलाच नाही. म्हणून रात्री यंत्रणेच्या भरवशावर गाडी हाकू नये हेही तितकेच खरे. बऱ्याच गाड्यांत इशाऱ्याची वेळ लवकर, मध्यम किंवा उशिरा अशी ठरवता येते. शहरातील गर्दीत ती उशिरावर ठेवून पाहा. चुकून ब्रेक लागलाच आणि पुढचा रस्ता मोकळा असल्याची खात्री असेल तर ॲक्सिलरेटर ठामपणे दाबल्यावर बहुतेक यंत्रणा माघार घेतात. आपल्या गाडीत नेमके काय होते ते मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

ए-१०१
हे मला माहीत नव्हते. सेटिंग बदलून पाहतो.

ई-४०३
मी रोज स्कूटरने हिंजवडीला जाते, म्हणून दुसऱ्या बाजूने एक विनंती. अशा गाड्यांच्या मागे किती अंतर ठेवावे हे आम्हीही शिकले पाहिजे, कारण समोर काही नसताना गाडी अशी थांबली तर सर्वांत आधी आमचाच जीव धोक्यात येतो. कंपनीला कळवताना मागच्या वाहनाचे काय झाले असते हेही ताईंनी लिहावे.

ए-८०१
वकील म्हणून दोन गोष्टी सुचवतो.

या तक्रारींकडे ‘ग्राहकाला यंत्रणा समजली नाही’ म्हणून पाहिले जाते, हे नवीन नाही. अमेरिकेत निस्सानच्या ‘रोग’ या मॉडेलच्या २०१७ आणि २०१८ च्या गाड्या विनाकारण ब्रेक लावतात अशा तक्रारी आल्यावर तिथल्या एनएचटीएसए या वाहन-सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक गाड्यांची चौकशी सुरू केली. होंडाच्या सीआर-व्ही आणि अकॉर्डबाबत फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे १७ लाख गाड्यांपासून चौकशी सुरू झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिची व्याप्ती वाढवून ती सुमारे ३० लाख गाड्यांपर्यंत नेण्यात आली. त्या प्रकरणात कंपनीने काही ग्राहकांना यंत्रणेच्या मर्यादा पुरेशा समजल्या नसाव्यात असे म्हटले होते, तरीही चौकशी पुढे गेली. ती पुढे जाऊ शकली कारण सामान्य गाडीमालकांनी आपापली तक्रार तारीख-वारासह नोंदवून ठेवली होती. त्याच काळात, एप्रिल २०२४ मध्येच, त्याच संस्थेने सप्टेंबर २०२९ पासून नव्या हलक्या वाहनांना एईबी सक्तीची करणारा नियमही केला, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. यंत्रणा हवी आणि ती विश्वासार्ह हवी, या दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येतात.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. त्यानुसार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत आणि ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनासाठी मालकाला सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. एकाच मॉडेलच्या तक्रारी ठरावीक संख्येपर्यंत पोहोचल्या की पुढची कार्यवाही होते, म्हणून एकट्यादुकट्याची नोंदही वाया जात नाही. सर्व्हिसमधील हयगयीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावे लागते. या सगळ्यासाठी जॉब कार्ड हाच पहिला पुरावा असतो. ‘जनरल चेकअप’ लिहिलेले कार्ड आपल्या विरुद्धच वापरले जाईल.

बी-५०२
सर्वांचे मनापासून आभार. पुढे काय झाले ते सांगते.

डी-२०४ काका स्वतः खाली आले आणि त्यांनी पार्किंगमध्येच पहिली परीक्षा करून दाखवली. इंजिन बंद केल्यानंतरचा पहिलाच दाब कडक होता. हे सर्व्हिस सेंटरमध्ये सल्लागारांसमोर पुन्हा करून दाखवल्यावर त्यांनी नळी काढली. झडपेच्या रबरी कडेला केसासारखी बारीक भेग होती. नळी झडपेसकट वॉरंटीत बदलून मिळाली आणि सकाळचे पेडल आता व्यवस्थित आहे.

एईबीच्या तक्रारीसाठी मी घरून लिहून नेलेला कागद जॉब कार्डला जोडून घेतला आणि त्यावर पोच घेतली. मग सी-७०३ ताईंच्या सांगण्यावरून जुनी बिले काढली. उन्हाळ्यात खडी उडून आमची पुढची काच तडकली होती आणि ती विम्यातून बदलली होती. त्या बिलात काच, रबर, चिकटद्रव्य आणि मजुरी आहे. कॅलिब्रेशनचा उल्लेख कुठेही नाही. बिल समोर ठेवल्यावर फलक उभे करून कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन करण्यात आले आणि त्याचा छापील अहवाल मला मिळाला. ब्रेक त्याच कारणाने लागला होता असे मात्र त्यांनी लेखी दिलेले नाही. विभागीय अभियंता गाडी चालवून पाहणार आहेत आणि ती फेरी वारज्याच्या त्याच पुलावरून व्हावी असा माझा आग्रह आहे. तोपर्यंत मी यंत्रणा चालू ठेवून इशारा उशिरावर ठेवला आहे आणि मागे अवजड वाहन असेल तर लेन बदलते. वाहन पोर्टलवर तक्रारही नोंदवली आहे.

सी-३०१
ताई, आमचीही काच गेल्या वर्षी बाहेरच्या दुकानातून बदलली होती. आज बिल तपासले, त्यातही कॅलिब्रेशन नाही. उद्याच वेळ घेतो.

सचिव
चर्चा उपयुक्त झाली. रविवारी सकाळी दहा वाजता पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये डी-२०४ काका पेडलची परीक्षा करून दाखवतील आणि सी-७०३ ताई फास्टॅग व कॅमेऱ्याची जागा पाहतील. ज्यांनी पुढची काच किंवा बंपर बदलला आहे त्यांनी त्याचे बिल सोबत आणावे. ज्यांच्या गाडीने विनाकारण ब्रेक लावला आहे त्यांनी तारीख, ठिकाण आणि वेग लिहून जॉब कार्डच्या प्रतीसह ए-८०१ यांच्याकडे द्यावे. एकाच मॉडेलच्या तक्रारी निघाल्या तर कंपनीला एकत्रित पत्र त्यांच्यामार्फत जाईल. पत्राचा मसुदा ग्रुपवर टाकताना कोणाचाही गाडी क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक त्यात राहणार नाही याची काळजी घ्यावी.