मदत हवी आहे : पीसीओएस, लेट्रोझोलची (अंडं वाढवायच्या गोळीची) चार चक्रं झाली. अजून थांबू का आयव्हीएफला (टेस्ट ट्यूब बेबी) जाऊ?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. वय २९, लग्नाला तीन वर्षं झाली. पतसंस्थेत नोकरीला आहे. हे बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. असं काही पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पीसीओएस (पाळी लांबते, अंडं वेळेवर तयार होत नाही असा त्रास) आहे हे कॉलेजात असतानाच कळलं होतं. तेव्हा पाळी आणायच्या गोळ्या मिळाल्या आणि "लग्न झालं की सगळं जाग्यावर येतंय की" म्हणून विषय संपला. काही जाग्यावर आलं नाही. मी कालनिर्णयवर पाळीच्या तारखेला बारीक फुली मारते. मागच्या महिन्यात तिन्ही वर्षांची कॅलेंडरं काढून फुल्या मोजल्या. ३६ महिन्यांत १५. त्यातल्या सहा गोळ्या घेऊन आणलेल्या, म्हणजे त्या वेळी अंडं तयार झालंच असेल असं नाही. घरचे तीन वर्षं मोजतात. मला मात्र त्या तीन वर्षांत खऱ्या संधी किती आल्या हे मोजावंसं वाटतं, आणि माझा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तपासण्या : एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) ८.९, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक, एचएसजीमध्ये (नळ्यांचा एक्स-रे) दोन्ही नळ्या मोकळ्या. वजन ७१ होतं, आठ महिन्यांत ६७ वर आणलं. रात्रीचा भात बंद केला (भाताच्या मुलखात हे किती अवघड आहे ते इथल्यांना कळेल), ज्वारीची भाकरी आणि रोज पाऊण तास चालणं. चार किलोच गेले, पण त्यानंतर दोनदा पाळी गोळीशिवाय आली. एकदा ३४ व्या दिवशी! त्या दिवशी मी ऑफिसात रडले होते, आनंदानं.

यांची तपासणी मात्र पहिली दोन वर्षं कुणी सांगितलीच नाही. सगळ्या सुया मलाच. शेवटी बेळगावच्या डॉक्टर मॅडमनी सांगितली. शुक्रजंतूंची संख्या चांगली निघाली, हालचाल थोडी कमी. रिपोर्ट बघताच त्यांनी विचारलं, भट्टीजवळ काम आहे काय? आहे. हे पोअरिंगला (वितळलेला धातू साच्यात ओतायला) असतात, शिफ्टमधले सहा-सात तास धगीत.

आता गोळ्यांचं. पहिल्या चक्रात लेट्रोझोल २.५ मिग्रॅ, पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. अंडं वाढलंच नाही. दुसऱ्यांदा ५ मिग्रॅ. बाराव्या दिवशी १९ मिमी, गर्भाशयाचं अस्तर ८ मिमी, अंडं फुटायचं इंजेक्शन दिलं, पुढच्या सोनोग्राफीत फुटलेलं दिसलं. तिसऱ्या वेळी जुलै होता. दहाव्या दिवसाची सोनोग्राफी झाली, नंतर ओढ्याच्या पुलावर पाणी आलं आणि चार दिवस गावाबाहेर पडता आलं नाही. काय झालं कळलंच नाही. चौथ्यांदा १८ मिमी, तेही फुटलं. पाळी आली.

म्हणजे खात्रीनं फुटलेली अंडी दोनच.

मॅडम म्हणतात, अजून दोन-तीन चक्रं बघू, मग आययूआयचा (शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडायचा) विचार करू. तेवढ्यात मोठ्या नणंदेनं आग्रहानं कोल्हापूरला एका सेंटरवर नेलं. तिथं फाइल पाच मिनिटं चाळली आणि म्हणाले, तीन वर्षं वाया घालवलीत, थेट आयव्हीएफ करा. दीड लाखाच्या पुढे, औषधं वेगळी. परतताना बसमध्ये नणंद म्हणाली, पाटल्या आहेत की, कशाला ठेवल्यात? त्यांची माया आहे, मला राग नाही. पण निर्णय असा घाईत घ्यायचा का?

खर्चाचा आणखी एक भाग. बेळगावला जाताना आधार दाखवलं की शक्ती योजनेत (कर्नाटकात बायकांना एसटी फुकट) झिरो टिकीट मिळतं. कोल्हापूरच्या गाडीत पूर्ण तिकीट, शिवाय दिवसभराची रजा. दर महिन्याला तीन-तीन सोनोग्राफी म्हटल्यावर हे छोटं राहत नाही. आशा अक्का दर महिन्याला दारात येऊन विचारतात, तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदीचं) काढायचं काय? त्यांचं ते कामच आहे, तरी त्या दिवशी मी आतल्या खोलीतच बसते.

आणि एक भीती. मेडिकलवाल्यानं गोळीचं पाकीट बघून सासूबाईंसमोरच विचारलं, घरात कुणाला कॅन्सर आहे काय? तेव्हापासून त्या मला ही गोळी घेऊ देत नाहीत. चौथं चक्र मी त्यांच्या नकळत केलं.

मला विचारायचं आहे ते एवढं : दोन अंड्यांनंतर आयव्हीएफ म्हणजे घाई आहे का? आणि सासूबाईंना ही गोळी कशी समजावून सांगू?

प्रतिसाद (निपाणीहून) :

ताई, मला गोळ्यांनी राहिलं नाही, शेवटी आयव्हीएफच करावं लागलं. तरी मी तुम्हाला थांबा म्हणेन. माझं वय तेव्हा ३६ होतं आणि एक नळी बंद होती. तुमचं तसं काही नाही.

गोळीचं सांगते. ती स्तनाच्या कॅन्सरमध्ये देतात हे खरं आहे. ती शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करते. पाच दिवस घेतली की मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन कमी पडलं, म्हणून तो अंडाशयाला जास्त जोर लावायला सांगतो आणि अंडं वाढतं. गर्भ रुजायच्या वेळेपर्यंत ती बरीचशी शरीरातून निघून गेलेली असते. आपल्याकडे २०११ साली वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. मेडिकलवाल्यांच्या मनात कदाचित तेच राहिलं असेल. पीसीओएसमध्ये आता अंडं तयार करण्यासाठी पहिली गोळी हीच देतात. २०१४ मध्ये अमेरिकेत ७५० बायकांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच चक्रांपर्यंत औषध दिलं, लेट्रोझोलवाल्यांत २७.५ टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफेनवाल्यांत १९.१ टक्के. बघा, पाच चक्रांपर्यंत देऊनही बहुतेकींना झालं नाही. मग तुम्ही दोन अंड्यांवर स्वतःला नापास का ठरवता?

सासूबाईंना एकदा मॅडमकडे घेऊनच जा. माझ्या सासूचं समाधान सुनेच्या तोंडून कधीच झालं नसतं, डॉक्टरांनी दहा मिनिटांत केलं.

आणि पुढे कधी आयव्हीएफची वेळ आली तर आधी विचारा : पीसीओएसमध्ये अंडी खूप येतात, ओव्हरी सुजून पोटात पाणी होऊ शकतं, ते टाळायला तुम्ही काय करता? सगळे गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडता का? २०२१ च्या एआरटी कायद्याखाली सेंटरची नोंदणी आहे का? याला नीट उत्तर देणार नाहीत, तिथं पाटल्या मोडू नका.

प्रतिसाद (बेळगावहून) :

ताई, मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. भाऊजींच्या एकाच रिपोर्टवर काही ठरवू नका. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी परत करा. आधी दोन ते सात दिवस संबंध नको, आणि दोन्ही वेळेला तेवढेच दिवस ठेवा. मधल्या काळात ताप आला असेल तर लॅबला सांगा. घरून सॅम्पल आणायचं असेल तर तासाभरात पोचलं पाहिजे, खानापूरहून ते नको, इथंच येऊन द्या. फाउंड्रीत तीन महिने भट्टीपासून लांबचं काम मागता येतं का बघा. फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला) किंवा डिस्पॅचला माणूस लागतोच.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. निपाणीच्या ताई, तुमचा प्रतिसाद यांना वाचून दाखवला. "नापास का ठरवता" इथं हे उठून बाहेर गेले, बऱ्याच वेळानं आत आले. आज सुपरवायझरना विचारलं, पुढच्या महिन्यापासून डिस्पॅचला घेतो म्हणालेत.

सासूबाई शनिवारी माझ्याबरोबर येणार आहेत. त्यांचं आधार शोधून ठेवलंय, दोघींचं झिरो टिकीट. आम्ही अजून तीन चक्रं करायची ठरवली आहेत, सोनोग्राफी चुकू न देता. तिन्हीत अंडं फुटूनही राहिलं नाही तर आययूआयचं बोलू. मॅडमनी साखरेची तपासणीही सांगितली आहे, पीसीओएसमध्ये पुढे गरोदरपणातही साखर वाढायची शक्यता जास्त असते म्हणे.

आता एकच विचारते. बेळगावात रविवारी सकाळी अंडं बघायची सोनोग्राफी कुठं करतात का? बाराव्या दिवसाला बरोबर रविवार येतोय.