मदत हवी आहे: बाथरूममध्ये भिंतीवरचा फॅन हीटर

नाशिकचा फ्लॅट, बाथरूम ५ × ७ फूट, उंची ९ फूट. थंडीत आई-बाबांच्या अंघोळीसाठी हीटर हवाय. गीझर २००० वॅटचा, १६ अँपिअरच्या एमसीबीवर (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच). त्याच लाइनवर हीटरचे आणखी २००० वॅट टाकले तर १७ अँपिअरच्या वर जातं, म्हणून डीबीपासून (घराचा वीज-वाटपाचा बॉक्स) वेगळी २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नक्की. जमिनीवर ठेवायचा साधा हीटर आत अजिबात नको. जागा दाराच्या वर भिंतीवर, शॉवरपासून ६० सेंमीपेक्षा लांब.

अडलंय ते इथे: आयपीएक्स४ दर्जाचं (पाण्याचे शिंतोडे सोसणारं), दोरीने चालू-बंद होणारं मॉडेल कोणी बसवलंय का? एक्झॉस्ट बंद ठेवून, १० मिनिटं आधी लावला तर २००० ऐवजी १००० वॅट पुरतील का? जाळीवर धूळ साचून थर्मल कटआउट (हीटर फार तापला की तो बंद करणारा स्विच) वारंवार पडतो का?