‘तारण’, ‘विश्वास’ आणि ‘कर्म’ : अर्थ व वापर

प्रश्न (मुद्रितशोधक, देवगड)

एका ख्रिस्ती मंडळीची छोटी पुस्तिका सध्या माझ्याकडे मुद्रितशोधनासाठी आली आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे तिच्या आशयात ढवळाढवळ करण्याचा मला अधिकार नाही. परंतु एका वाक्यापाशी माझी लेखणी अडली आहे. वाक्य असे : ‘मनुष्याला सत्कर्मांमुळे नव्हे, तर विश्वासामुळे तारण मिळवता येते.’ पहिली अडचण ‘तारण’ या शब्दाची आहे. बाजारपेठेतल्या पतसंस्थेच्या पाटीवर ‘सोनेतारण कर्ज’ ही अक्षरे येता-जाता वाचत असल्यामुळे मला आधी तोच अर्थ दिसतो. येथे ‘मोक्ष’ किंवा ‘मुक्ती’ का चालत नाही? दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. सत्कर्मांना किंमत नाही असे वाचल्यावर कोणाही मराठी वाचकाच्या कपाळाला आठी पडेल, आणि ख्रिस्ती मंडळींनी चालवलेले दवाखाने व शाळा पाहिल्या असता त्यांनाही तसे म्हणायचे असेल असे वाटत नाही. मग ‘कर्म’ हा शब्दच चुकला आहे काय? शेवटचा प्रश्न असा की, ‘विश्वास’ या शब्दाऐवजी ‘श्रद्धा’ अधिक शोभली नसती का?

उत्तर (निवृत्त भाषाशिक्षक, रत्नागिरी)

‘तारण’ या शब्दापुरते लिहितो. ‘तरणे’ आणि ‘तारणे’ ही जोडी ‘मरणे–मारणे’, ‘पडणे–पाडणे’, ‘टळणे–टाळणे’ यांच्या पंक्तीतली आहे. पहिल्या रूपात क्रिया ज्याची त्याच्यापाशीच राहते. दुसऱ्या रूपात ती एकाने दुसऱ्याच्या बाबतीत केलेली असते. मूळ संस्कृत धातू ‘तॄ’, म्हणजे ओलांडून पलीकडे जाणे. खाडीकाठच्या माणसाला हे कुटुंब परके नाही, कारण खाडी ओलांडणारी ‘तर’, ती चालवणारा ‘तारी’, समुद्रात जाणारे ‘तारू’ आणि तरीतून पलीकडे जाणारा ‘उतारू’ ही सारी त्याच घरातली मंडळी आहेत. वाऱ्यात सापडलेली होडी सुखरूप बंदराला लागली की ‘देवान तारल्यान’ असे मालवणीत म्हणतात. तेथे वाचणारा वेगळा आणि वाचवणारा वेगळा, हे क्रियापदाच्या रूपानेच सांगितलेले असते.

गहाणाचा अर्थही मला या घराबाहेरचा वाटत नाही. मराठीत पैसे ‘बुडतात’, आणि ते बुडू नयेत म्हणून धनकोला तारणारी वस्तू ती ‘तारण’. ‘मोक्ष’ आणि ‘मुक्ती’ हे शब्द मात्र ‘मुच्’, म्हणजे सोडणे, या धातूपासून आले आहेत. त्यांत बंधन सुटते, परंतु ते कोणी सोडवले याविषयी शब्द काही बोलत नाही. शिवाय ‘मोक्ष’ म्हटले की जन्ममरणाच्या फेऱ्याची संपूर्ण कल्पना वाचकाच्या मनात उभी राहते, आणि ती कल्पना ख्रिस्ती मतात नाही.

उत्तर (वेंगुर्ले)

मी प्रॉटेस्टंट कुटुंबातला आहे आणि उपासनेत हे शब्द लहानपणापासून ऐकत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गुरुजींनी ‘तारण’ शब्दातला प्रयोजक अर्थ दाखवला, तोच या सिद्धान्ताचा गाभा आहे. ख्रिस्ती मतानुसार मनुष्य स्वतः तरत नाही, त्याला तारले जाते. म्हणून पुस्तिकेतल्या वाक्यात मला ‘कर्म’ या शब्दाइतकाच ‘मिळवता येते’ हा प्रयोग खुपतो. पैसा मिळवतात, पदवी मिळवतात, नाव मिळवतात. ज्यात स्वतःच्या खटपटीचा हिशेब आहे तेथे मराठी माणूस ‘मिळवणे’ वापरतो. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक संत पौल याची मंडळ्यांना लिहिलेली पत्रे बायबलात आहेत, आणि त्यांतला सारा युक्तिवाद नेमका या हिशेबाविरुद्ध आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो की, काम करणाऱ्याला दिलेली मजुरी ही मेहरबानी नसून देणे असते. देव मनुष्याला मजुरी देत नाही, दान देतो. सत्कर्मांची पुरचुंडी देवाकडे ठेवून तिच्या बदल्यात स्वर्ग मागणे म्हणजे ‘तारण’ हा शब्द पतसंस्थेच्या अर्थाने वाचण्यासारखे आहे. विचारणाऱ्यांना ती पाटी आठवली ते एका परीने बरेच झाले, कारण पौलाला जे नाकारायचे आहे ते या दुसऱ्या अर्थात आयतेच सापडते.

आता ‘कर्म’. पौलाच्या मूळ ग्रीक पत्रांत अनेकदा ‘नियमशास्त्राची कृत्ये’ असा शब्दप्रयोग आहे, आणि त्याच्या डोळ्यांसमोर सुंता, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, खाण्यापिण्याचे विधिनिषेध असे मोशेच्या, म्हणजे यहूदी धर्माच्या, नियमशास्त्रातले प्रश्न होते. गलतीयातील मंडळीत वादच मुळी असा पडला होता की, यहूदी नसलेल्याने ख्रिस्ताचा स्वीकार केल्यावर सुंता करून घ्यावी की नाही. पौलाचा रोख एवढ्यापुरताच होता की मनुष्याच्या सर्व प्रकारच्या पुण्याईवर होता, याविषयी आधुनिक अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ‘नियमशास्त्राची’ हे विशेषण गळून नुसती ‘कर्मे’ उरतात, आणि कोणी आढ्यता बाळगू नये असे कारणही तेथे दिलेले आहे. त्यामुळे व्यापक अर्थ निराधार आहे असे मला वाटत नाही. मराठीत मात्र ‘कर्म’ हा शब्द एकटा येत नाही. त्याच्या मागोमाग संचित येते, प्रारब्ध येते, आणि ‘कर्म माझं!’ म्हणून कपाळाला लावलेला हातही येतो. पौलाला यांपैकी काहीच अभिप्रेत नाही. म्हणून ‘सत्कर्म’ या शब्दाऐवजी ‘सत्कृत्य’ किंवा ‘चांगली कृत्ये’ असे लिहिले, तर निम्मा गैरसमज टळेल.

राहिलेला निम्मा टाळण्यासाठी पुढचे वचन वाचावे लागते. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे आणि नववे वचन सर्वांना पाठ असते; दहावे बहुतेक जण सोडून देतात. त्यात म्हटले आहे की, आपण सत्कृत्ये करण्यासाठीच ख्रिस्तामध्ये निर्माण केलेले आहोत. म्हणजे कृत्ये रद्द झालेली नाहीत, त्यांची जागा बदलली आहे. ती तारणाच्या आधी, त्याची किंमत म्हणून येत नाहीत, तर तारणानंतर, त्याचे फळ म्हणून येतात. ज्याच्यापाशी फळ यायला वेळच उरला नव्हता असा मनुष्यही शुभवर्तमानात आहे : ख्रिस्ताशेजारच्या क्रुसावरचा गुन्हेगार. त्याने ‘माझी आठवण करा’ एवढेच म्हटले, आणि त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले.

‘विश्वास’ की ‘श्रद्धा’ या प्रश्नाला माझे उत्तर ‘विश्वास’ असे आहे, आणि त्याचे कारण व्याकरणात आहे. ‘देव आहे असा विश्वास धरणे’ आणि ‘देवावर विश्वास टाकणे’ यांत केवढे अंतर आहे ते पाहावे. पहिल्यात एक माहिती मान्य केलेली आहे. दुसऱ्यात स्वतःचा भार दुसऱ्यावर सोडलेला आहे. बायबलातल्याच याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की, देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात. तो विश्वास पहिल्या प्रकारचा झाला. प्रॉटेस्टंट धर्मपंडितांनी विश्वासाचे ज्ञान, संमती आणि भरवसा असे तीन पदर मानले आणि तिसऱ्याशिवाय पहिले दोन अपुरे ठरवले. ‘श्रद्धा’ या शब्दात आदर आणि निष्ठा भरपूर आहे. परंतु श्रद्धा ‘टाकता’ येत नाही, ती ‘ठेवावी’ किंवा ‘बाळगावी’ लागते, आणि त्यामुळे ती मनुष्याचाच एक सद्गुण होऊन बसते.

उत्तर (सावंतवाडी)

एका शब्दाची भर घालते. आमच्याकडील कॅथलिक घरांत कोंकणीतून प्रार्थना म्हणणारी जुनी माणसे ‘विश्वास’ असे म्हणत नाहीत आणि ‘श्रद्धा’ असेही म्हणत नाहीत. ती ‘भावार्थ’ म्हणतात. आजच्या मराठीत ‘भावार्थ’ म्हणजे कवितेखाली लिहितात तो सारांश, त्यामुळे परक्या माणसाला गंमत वाटते. परंतु संतवाङ्मयात ‘भावार्थ’ हा शब्द मनःपूर्वक भाव या अर्थानेही येतो आणि तोच अर्थ किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती बोलीत टिकून राहिला आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत रचली आणि ती १६१६ मध्ये छापली गेली, तेव्हा त्यांच्यासमोर हीच संतांची भाषा होती. पुस्तिकेत ‘भावार्थ’ घाला असे मी सुचवत नाही, कारण देवगडचा वाचक तो समजणार नाही. पण ‘विश्वास’ हाच एकमेव पर्याय होता असे कोणी समजू नये. ‘भाव’ ठेवायचा असतो आणि ‘भाव’ धरायचाही असतो, त्यामुळे सद्गुणाची जी शंका ‘श्रद्धा’ या शब्दावर घेतली आहे ती त्याच्यावरही घेता येईल.

उत्तर (वसई)

वेंगुर्ल्याच्या उत्तरातील बहुतेक भाग मला मान्य आहे. तरीही कॅथलिक बाजूने दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक आहे, नाहीतर ही चर्चा एकाच पंगतीत उरकल्यासारखी होईल.

‘केवळ विश्वासाने’ हे शब्द जोडून बायबलात एकदाच येतात, आणि तेही नकारासह : मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे तर कृत्यांनीही नीतिमान ठरतो, असे याकोब म्हणतो. प्रॉटेस्टंट पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी १५२२ मध्ये नव्या कराराचे, म्हणजे बायबलाच्या ख्रिस्तविषयक भागाचे, जर्मन भाषांतर केले तेव्हा रोमकरांस पत्राच्या ३:२८ मध्ये मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला, आणि त्यावर टीका झाल्यावर १५३० मध्ये उत्तर दिले की, एक गोष्ट नाकारून दुसरी स्वीकारायची असेल तेव्हा जर्मन भाषेच्या वळणाला तो शब्द लागतोच. शब्दचर्चा करणाऱ्यांना हे उत्तर रंजक वाटेल, कारण मराठीत हे काम एकटा ‘च’ करतो आणि तो कोणत्या शब्दाला चिकटवला यावर सिद्धान्त बदलतो. प्रचलित मराठी बायबलात इफिसकरांस पत्रात ‘कृपेनेच’ आहे. म्हणजे ‘च’ कृपेला लागलेला आहे, विश्वासाला नव्हे. या ‘च’ला कोणाही कॅथलिकाची हरकत असणार नाही.

दुसरी गोष्ट ‘नीतिमान ठरवणे’ या शब्दप्रयोगाची. ‘ठरवणे’ हे न्यायालयाचे क्रियापद आहे : आरोपी निर्दोष ठरतो, परंतु तेवढ्याने तो चांगला मनुष्य झाला असे होत नाही. कॅथलिक शिकवण अशी की, देव ज्याला नीतिमान ठरवतो त्याला तो नीतिमान करतोही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी जो निर्णय दिला त्यात नीतिमान ठरणे म्हणजे केवळ पापक्षमा नसून अंतःकरणाचे पवित्रीकरण आणि नूतनीकरणही आहे असे म्हटले आहे. कॅथलिक लोक पुण्य विकत घेतात असे समजणाऱ्यांसाठी सांगतो की, नीतिमान ठरवणाऱ्या या कृपेपूर्वीची कोणतीही गोष्ट, मग तो विश्वास असो वा कृत्ये, ती कृपा कमावू शकत नाही, असेही त्याच निर्णयात लिहिलेले आहे. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे तर निव्वळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, अशी त्यातील समान भूमिका आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट मंडळ्यांनीही तिला संमती दिली. सर्व मतभेद त्यामुळे मिटले असे नाही, परंतु शेजाऱ्याने शेजाऱ्याला पाखंडी म्हणण्याचे कारण उरले नाही.

याकोब आणि पौल यांच्यात विरोध आहे असे मीही मानत नाही. दोघेही यहूदी लोकांचा मूळपुरुष अब्राहाम याचे उदाहरण देतात. पौल त्याने देवाच्या वचनावर भरवसा टाकला तो क्षण घेतो आणि याकोब पुष्कळ वर्षांनंतर त्याने देवाच्या आज्ञेवरून आपला मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवले तो प्रसंग घेतो.

पुन्हा प्रश्न (देवगड)

सर्वांचे आभार. या चर्चेनंतर मी लेखकांना असे वाक्य सुचवले : ‘मनुष्याचे तारण त्याच्या चांगल्या कृत्यांमुळे नव्हे, तर देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते.’ त्यांना सर्व बदल पटले, फक्त ‘च्या द्वारे’ हा प्रयोग सरकारी परिपत्रकासारखा वाटतो, म्हणून ‘विश्वासामुळे’ हेच ठेवावे असा त्यांचा आग्रह आहे. हा आग्रह मानावा का?

उत्तर (वेंगुर्ले)

कृपा करून मानू नये. ‘द्वारे’ कानाला रुक्ष लागतो हे खरे, पण सारा अर्थ त्याच्यावर तोललेला आहे. ग्रीकमधील ‘दिआ’ या अव्ययाला एक विभक्ती जोडली की ‘च्या द्वारे’ आणि दुसरी जोडली की ‘च्यामुळे’ असा अर्थ होतो. विश्वासाने तारण होण्याविषयी लिहिताना नव्या करारात ‘दिआ’ जेथे आला आहे, तेथे पहिलीच विभक्ती आहे. ‘विश्वासामुळे’ म्हटले की विश्वास हे कारण होते, आणि मग कर्माला दारातून हाकलून त्यालाच खिडकीतून आत घेतल्यासारखे होते : तू चांगले कृत्य केले नाहीस, पण विश्वास तर ठेवलास, तेव्हा हे घे तुझे बक्षीस. तरीत बसल्यावाचून कोणी खाडीपलीकडे जात नाही. परंतु मी बसलो म्हणून तर चालली, असे कोणी उतारू म्हणत नाही.

उत्तर (रत्नागिरी)

व्याकरणदृष्ट्या ‘विश्वासाने’ हा मधला मार्ग लेखकांना सुचवून पाहता येईल, कारण तृतीयेचा ‘ने’ मुख्यतः साधन दाखवतो : ‘सुरीने कापले’, ‘बोटीने गेला’. मात्र ‘तापाने फणफणला’ आणि ‘भुकेने व्याकुळ झाला’ येथे तोच ‘ने’ कारण दाखवतो, त्यामुळे वेंगुर्लेकरांना ज्याची भीती वाटते ती वाट त्यात पूर्णपणे बंद होत नाही. शिवाय सुचवलेल्या वाक्यात ‘कृपेने’ आधीच आहे. ‘कृपेने, विश्वासाने’ असे एकापुढे एक आले की दोन्ही एकाच तोलाची साधने वाटतील. तेव्हा ‘विश्वासाच्या द्वारे’ हेच राहू द्यावे आणि ‘कृपेने’ या शब्दाला ‘च’ जोडावा.