मदत हवी आहे: कॉफी ऑर्डरचं ॲप, चारच्या गर्दीत दिलेली वेळ पाळली जात नाही

खराडीतल्या एका आयटी पार्कच्या तळमजल्यावर कॉफी काउंटर आहे, वर अकरा मजले ऑफिसं. त्यासाठी ॲप करतोय. दोन ग्रुपचं (एकाच वेळी दोन ठिकाणी कॉफी काढता येणारं) एस्प्रेसो मशीन, दोन माणसं, शिवाय फिल्टर कॉफी. पैसे यूपीआयने.

ऑर्डर आली की लगेच बनवायला घेतात आणि ॲप सरसकट 'सात मिनिटं' सांगतं. पावणेचार ते सव्वाचार सगळं कोलमडतं. कुणाला वीस मिनिटं थांबावं लागतं, तर कुणाची कॉफी शेल्फवर गार होते कारण मीटिंग संपलेली नसते. शिवाय काहींच्या खात्यातून पैसे जातात, पण ऑर्डर 'पेंडिंग'च दिसते. मेनूची स्क्रीन तीनदा बदलून पाहिली, फरक नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

मेनूला हात लावू नका. चूक त्या 'सात मिनिटां'त आहे.

आधी घड्याळ लावून मोजा. एकजण एस्प्रेसोचा शॉट काढतोय आणि दुसरा दूध फेसाळतोय, असं सलग काम चाललं तर साधारण ५० सेकंदांना एक कॅपुचिनो धरा, म्हणजे पाच मिनिटांत सहा. आता प्रत्येक पदार्थाला वजन (म्हणजे किती काम लागतं त्याचा आकडा) द्या: कॅपुचिनो, लाटे १, काळी कॉफी आणि फिल्टर कॉफी अर्धा, कारण डिकॉक्शन (कॉफीचा अर्क) आधीच उतरलेलं असतं, मिक्सरमधली कोल्ड कॉफी दीड, कारण दर वेळी भांडं विसळावं लागतं. पाच मिनिटांचा एक स्लॉट (वेळेचा तुकडा), वजन ६. त्यातलं ॲपला फक्त ४ द्या. उरलेलं २ समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांचं. सहाच्या सहा ॲपला दिलेत, तर ग्राइंडरमधले दाणे संपले एवढ्यावरूनही पुढचे सगळे स्लॉट मागे पडतात आणि गर्दी ओसरेपर्यंत ते भरून निघत नाहीत.

स्टारबक्सने डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला मोबाइल ऑर्डर सुरू केली. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनेच मान्य केलं, की गर्दीच्या दुकानांत कप घेण्याच्या जागी कोंडी होते आणि आत आलेली माणसं काही न घेता परत जातात. ॲपची रांग कमी होत नाही, फक्त दिसेनाशी होते. म्हणून ती मोजावीच लागते.

स्क्रीनवर मिनिटं नकोत, '३:५० ला तयार' असं लिहा. चार कपांची एकत्र ऑर्डर दोन स्लॉटमध्ये पसरली, तर शेवटच्या स्लॉटची वेळ सांगा.

धागाकर्ता

स्लॉटचं पटलं. पण ३:५० निवडून माणूस चारला आला तर?

प्रतिसाद १

स्लॉट म्हणजे जागा राखली, एवढंच. बनवायला घ्यायचं ते माणूस निघाल्यावर. स्लॉटच्या आधी पाच मिनिटं सूचना पाठवा आणि त्यात एकच बटण ठेवा: 'येत आहे'. ('निघालो' लिहू नका, अर्ध्या गिऱ्हाइकांना ते लागू होत नाही.) बटण दाबल्यावरच काउंटरच्या पडद्यावर ऑर्डर वर सरकते. गर्दीच्या वेळी लिफ्टलाच तीन-चार मिनिटं जातात, तेवढ्यात कप तयार होतो. बटण दाबलंच नाही तर ऑर्डर आपोआप पुढच्या रिकाम्या स्लॉटला ढकला. कपातला फेस पाच-सात मिनिटांत बसतो, तसली कॅपुचिनो कुणाच्या हातात देऊ नका.

अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी वेगळी मागावी लागते. ॲप उघडल्या उघडल्या मागितली तर लोक नाकारतात. पहिली ऑर्डर दिल्यावर मागा.

प्रतिसाद २

'पेंडिंग'बद्दल. तुम्ही बहुधा यूपीआय ॲपमधून परत येणाऱ्या उत्तरावर विसंबून आहात. फोन लिफ्टमध्ये गेला, मागचं ॲप बंद पडलं, की ते उत्तर येतच नाही. क्रम असा ठेवा: पैसे मागण्याआधीच सर्व्हरवर ऑर्डर तयार करा, तिचा क्रमांक यूपीआय लिंकमधल्या 'टीआर'मध्ये (व्यवहाराच्या संदर्भ क्रमांकाच्या रकान्यात) घाला, स्लॉट तीन मिनिटं धरून ठेवा. पैसे मिळाले की नाही हे फक्त गेटवेच्या (पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या) वेबहूकवरून ठरवा, म्हणजे ती सेवा थेट तुमच्या सर्व्हरला पाठवते त्या निरोपावरून. तो आला नाही तर सर्व्हरनेच गेटवेला अधूनमधून स्थिती विचारावी. एकच वेबहूक दोनदाही येतो, म्हणून डेटाबेसमध्ये पेमेंटच्या क्रमांकावर युनिक बंधन (एक क्रमांक एकदाच नोंदवला जाईल असं) हवंच, नाहीतर एका पैशात दोन कप बनतील.

स्लॉट सुटल्यावर पैसे पोचले, तर परस्पर रिफंड करू नका. पुढची वेळ दाखवा आणि 'चालेल' किंवा 'पैसे परत' विचारा. रिफंड खात्यात दिसायला वेळ लागतो आणि तोवर तक्रार काउंटरवरच्या मुलाला ऐकावी लागते.

प्रतिसाद ३

पहिल्या स्क्रीनवर 'नेहमीचंच' हे बटण सगळ्यात मोठं ठेवा, साखरेसकट. फिल्टर कॉफीत 'कमी साखर' आणि 'बिनसाखर' वेगळे हवेत. कपावर स्टिकर लावा: तीन आकडी टोकन ठसठशीत, खाली साखर. नाव आणि कंपनी छापू नका. टोकनचा पडदा फोनमध्येच साठवून ठेवा, तळमजल्यावर नेटवर्क गेलं तरी तो उघडला पाहिजे.