अ‍ॅग्रीएबल ग्रे की रिपोज ग्रे? हॉल उत्तरेकडे आहे

घरकुल:
मंडळी, न्यू जर्सीत घर घेतलंय, राहायला जायच्या आधी रंग उरकायचाय. शर्विन विल्यम्सच्या दोन शेड काढल्यात, अ‍ॅग्रीएबल ग्रे नि रिपोज ग्रे. कार्डावर सारख्याच वाटतात, नवऱ्याला तर फरकच दिसत नाहीये. हॉलच्या खिडक्या उत्तरेला, फ्लोअरिंग जुनं ओकचं, पिवळट, आणि हॉल-किचन सलग आहे. आईबाबा सहा महिने येणारेत, दिवसभर इथेच बसणार, हॉल उदास वाटायला नको. कोणी लावलाय का?

कोजागिरी:
आम्ही रिपोज लावला होता, उत्तरेच्याच बेडरूमला. दुकानात मस्त वाटला आणि घरी हिवाळ्यात दुपारी चारनंतर चक्क जांभळट दिसायला लागला, पांढऱ्या चादरीशेजारी तर फारच. रंग वाईट नाहीये हां, उरलेला डबा दक्षिणेकडच्या खोलीला मारला तिथे सुंदर करडा दिसतो. उत्तरेचा उजेड मुळात निळसर, त्यात थंड शेड आणखी थंड होते. तू अ‍ॅग्रीएबलच घे गं.

ओसरी:
उजळपणात दोन्ही सारखेच आहेत, एलआरव्ही म्हणजे भिंत किती उजेड परत टाकते तो आकडा, अ‍ॅग्रीएबलचा ६० आणि रिपोजचा ५८. फरक आतल्या छटेचा आहे, अ‍ॅग्रीएबलमध्ये बेज जास्त. थंड ग्रेशेजारी पिवळं ओक अजून पिवळं दिसतं, तो मुद्दा मला जास्त मोठा वाटतो. पण कार्डावरून ठरवू नका ताई, सॅम्पलचे दोन हात पांढऱ्या फोमबोर्डवर मारा आणि तो बोर्ड जमिनीला टेकवून सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर बघा. बल्ब २७०० केल्विनचे (पिवळसर उजेडाचे) आहेत की ५००० चे (पांढऱ्या-निळसर उजेडाचे) तेही बघा, त्यानेच निम्मा रंग बदलतो.

कोजागिरी:
आणि किचनच्या भिंतीला फ्लॅट म्हणजे बिनचमकीचा रंग नको, सॅटिन म्हणजे हलक्या चमकीचा घे. फोडणीचे शिंतोडे फ्लॅटवरून पुसले की डाग जातो पण तिथे चकचकीत चट्टा राहतो, माझ्या गॅसमागे आहे तसा.

घरकुल:
दोन्ही बोर्ड तीन दिवस फिरवले. सकाळी खरंच फरक नव्हता, पण काल संध्याकाळी ओकला टेकवून ठेवले तर रिपोज सिमेंटसारखा दिसला आणि अ‍ॅग्रीएबल सायीसारखा, नवऱ्यानेच बोट दाखवलं. अ‍ॅग्रीएबल घेतोय, किचनला त्यातच सॅटिन. स्टडी दक्षिणेला आहे, तिथे रिपोज लावून बघते.